शांपिन्यीच्या गॅरेजातली जेट

रेनॉ कंपनीची एस्ताफेत नावाची एक डबा-व्हॅन १९५९ पासून फ्रान्सच्या रस्त्यांवर धावत होती. पाववाले, भाजीवाले, नळकाम करणारे, पोलीस, सगळेच ती वापरायचे. दिसायला ओबडधोबड, पण कामाला पक्की. रने बोने या माणसाने तिचा गिअरबॉक्स घेतला आणि स्पोर्ट्स कारमध्ये बसवला. इंजिन घेतलं रेनॉ ८ या चार दारांच्या घरगुती गाडीचं, चार सिलिंडरचं, ११०८ सीसी. त्यावर फायबर ग्लासचं हलकं अंग चढवलं. १९६२ साली या मांडणीतून जी गाडी बाहेर पडली तिचं नाव जेट.

मधल्या इंजिनाची, रस्त्यावर चालवण्यासाठी मालिकेने बनवून गिऱ्हाइकाला विकलेली पहिली स्पोर्ट्स कार म्हणून तिचं नाव घेतलं जातं. काही जाणकार इथे पोर्शे ५५० पुढे करतात. पण ती मुळात शर्यतीची गाडी, नंबरप्लेट लावून रस्त्यावर आणता येत असे इतकंच. लॅम्बोर्गिनी मिउरा जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली १९६६ मध्ये. फेरारीची डिनो त्याच्याही नंतर. आज सुपरकार म्हटलं की मधलं इंजिन गृहीतच धरलेलं असतं, आणि ही मांडणी विकत घेता येईल अशा रूपात आधी आणली पॅरिसबाहेरच्या एका गॅरेजवाल्याने, व्हॅनचा गिअरबॉक्स वापरून. मी फायबर ग्लासच्या धंद्यातली. आमच्या भाषेत त्याला एफआरपी म्हणतात. गाड्यांच्या इतिहासात मला सगळ्यात जवळचा वाटतो तो हा माणूस.

मधल्या इंजिनाने असं काय साधतं? इंजिन हा गाडीतला सगळ्यात जड ऐवज. रेनॉ ८ मध्ये तो मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे, शेपटाकडे टांगलेला होता. बहुतेक गाड्यांत तो पुढे असायचा. दोन्ही तऱ्हांत वजन टोकाला. कावड खांद्यावर घेऊन चाललेल्या माणसाला वळायला सांगा: घागरी दांडीच्या टोकांना असतील तर तो सावकाश वळतो, आणि एकदा वळायला लागला की थांबणंही त्याच्या हातात राहत नाही. त्याच घागरी खांद्याजवळ सरकवल्या तर तो चटकन फिरतो. बोनेंनी इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे, बसणाऱ्यांच्या पाठीशी आणलं. त्यामुळे गाडी वळणाला हलकी झाली आणि शेपूट बाहेर फेकण्याची मागच्या इंजिनाची खोड गेली. याचं मोल त्यांनी दिलंच. मागे सीट नाही. आवाज आणि उष्णता थेट कानाशी. सामानाला बेताची जागा. ज्याला वळणांचा रस्ता आवडतो त्याच्यासाठी हा सौदा वाजवी होता, असं माझं मत.

शर्यतीच्या जगात ही मांडणी तोवर सिद्ध झालेली होती. कूपरच्या मधल्या इंजिनाच्या गाड्यांनी जॅक ब्रॅबहॅमला १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ दोन वर्षं फॉर्म्युला वनचं जगज्जेतेपद मिळवून दिलं होतं. पण शर्यतीतली गोष्ट रस्त्यावर आणायला वेगळीच छाती लागते. शर्यतीच्या गाडीला दार नीट लागायची गरज नसते, पावसाचं पाणी आत आलं तरी चालतं, आणि देखभालीला पाच माणसं हाताशी असतात. गिऱ्हाईक मात्र गाडी घेऊन आठवड्याने परत येतं आणि काच वर होत नाही म्हणून सांगतं.

बोने जन्मले १९०४ साली. पॅरिसच्या पूर्वेला मार्न नदीकाठी शांपिन्यी नावाचं गाव आहे. तिथली डॉइच घराण्याची वर्कशॉप त्यांनी चालवायला घेतली. त्या घरचा मुलगा शार्ल डॉइच त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी लहान, अभ्यासात हुशार, पुढे एकोल पोलितेक्निकमध्ये शिकून सरकारी रस्ते-पूल खात्यात इंजिनिअर झाला. एक हाताने काम करणारा, एक कागदावर गणित मांडणारा. दोघांनी मिळून १९३८ मध्ये सित्रोएनचे सुटे भाग वापरून पहिली शर्यतीची गाडी उभी केली. डॉइचचा डी आणि बोनेंचा बी मिळून ती झाली डीबी.

मग युद्ध आलं. युद्धानंतरचा फ्रान्स गरीब होता आणि सरकारने मोठ्या इंजिनांवर जबर कर लावला होता. दलाए, दलाज, ताल्बो ही युद्धाआधीची मोठी घराणी पन्नासच्या दशकात एकेक करून आटोपली. ज्या देशाने बुगाट्टी दिली तिथे आता साडेसातशे, साडेआठशे सीसीच्या इंजिनांवर भागवायचं होतं. डीबीने पानार कंपनीचं इंजिन धरलं. दोनच सिलिंडर, समोरासमोर आडवे झोपलेले, हवेने थंड होणारे, पुढची चाकं ओढणारे. एवढ्याशा ताकदीत वेग हवा तर दोनच वाटा उरतात: वजन कमी करा, नाहीतर हवेला कमी अडवा. दोघांनी दोन्ही केलं.

मला या काळाबद्दल फार ममत्व आहे. पुष्कळ लोक हलक्या गाडीकडे गरिबीतून आलेली तडजोड म्हणून बघतात. माझ्या लेखी अशी गाडी बनवायला जास्त अक्कल लागते. मोठं इंजिन घालणं हा पैशाचा प्रश्न आहे. दहा किलो काढायचे तर मात्र प्रत्येक भागासमोर बसावं लागतं. हा पत्रा इथे का आहे, हा बोल्ट एवढा जाड का, हे दोन कंस मिळून एक होईल का. आणि दहा किलो गेले की त्याचा फायदा सगळीकडे होतो. गाडी लवकर उचलते, लवकर थांबते, टायर कमी झिजतात, स्प्रिंग मऊ ठेवता येते. ताकद वाढवून यातलं फक्त पहिलं मिळतं.

ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत तेव्हा सर्वांत जास्त अंतर कापणाऱ्याशिवाय आणखी एक मान असायचा, कामगिरी निर्देशांकाचा. इंजिनाच्या आकारावरून प्रत्येक गाडीने किती अंतर कापायला हवं ते सूत्राने ठरवत आणि त्याच्या तुलनेत कोण किती पुढे गेलं ते मोजत. १९५४ साली एकूण शर्यत जिंकली ४९५४ सीसीच्या फेरारीने. निर्देशांक जिंकला साडेसातशे सीसीच्या आतल्या डीबीने, आणि ती चालवत होते एली बायोल आणि स्वतः रने बोने. वय वर्षं एकोणपन्नास. त्यानंतर १९५६ मध्ये आणि मग १९६१ पर्यंत डीबीने हा मान पुन्हा पुन्हा घेतला. इंग्रज पत्रकार या निर्देशांकाला फ्रेंचांनी फ्रेंचांसाठी काढलेलं बक्षीस म्हणत. मला ते पटत नाही. चोवीस तास एवढंसं इंजिन पूर्ण जोरात पळवून जिवंत ठेवणं सोपं असतं, तर इतरांनीही ते दर वर्षी केलं असतं.

१९५४ मध्येच डीबीने एचबीआर ५ ही रस्त्यावरची गाडी आणली. नळ्यांच्या सांगाड्यावर एफआरपीचं अंग. अशा काही शे गाड्यांची विक्री झाली. तिथून बोनेंचा एफआरपीवरचा विश्वास पक्का झाला असणार, कारण पुढे त्यांनी तो कधीच सोडला नाही.

१९६१ मध्ये जोडी फुटली. पैशाचं किंवा मानापमानाचं भांडण कोणत्याही भागीदारीत सापडतं, पण इथे मतभेद यंत्राबद्दलचा होता आणि म्हणून मला तो मोलाचा वाटतो. बोनेंचं म्हणणं, पानारच्या दोन सिलिंडरांचे दिवस भरत आले, रेनॉचं चार सिलिंडरचं इंजिन घेऊ आणि ते मध्ये बसवू. डॉइचचं म्हणणं, पानार आणि पुढची चाकं यांच्यातलं अजून बरंच काढायचं राहिलंय, हवेचं गणित आणखी पुढे नेऊ. दोघे वेगळे झाले. पुढच्याच वर्षी, १९६२ च्या ल माँला, दोघांच्याही गाड्या उतरल्या. डॉइचच्या सीडी पानारने (सीडी म्हणजे शार्ल डॉइचची आद्याक्षरं) कामगिरी निर्देशांक जिंकला. बोनेंची जेटही त्याच शर्यतीत धावली. डॉइचची सीडी इतकी घोटीव होती की तिचा आकार आजच्या इलेक्ट्रिक गाड्यांशेजारी ठेवावा. पण १९६५ मध्ये सित्रोएनने पानार पूर्ण गिळली, १९६७ मध्ये पानारच्या गाड्या बनणंच थांबलं, आणि सीडीच्या पायाखालची जमीन गेली. डॉइच पुढे ल माँच्या शर्यतीचे संचालक झाले.

इंजिनाच्या निवडीत बोने बरोबर ठरले. तरी धंदा त्यांचाही बुडाला, आणि त्याकडे मी येतेच. आधी अंगाबद्दल सांगू दे, कारण ते मी जवळून पाहिलंय.

पॅरिसजवळ दर मार्चमध्ये कंपोझिट, म्हणजे एफआरपीसारख्या मिश्र मालाचं जेईसी नावाचं मोठं प्रदर्शन भरतं. कामानिमित्त तिथे गेले असताना एक दिवस काढून मी रोमोराँतँला गेले. सोलोञ्यच्या जंगल-तळ्यांच्या भागातलं हे लहान शहर. साल्ब्रीला उतरून पुढे मीटरगेजची छोटी गाडी पकडायची. तिथे मात्रा कंपनीच्या गाड्यांचं संग्रहालय आहे आणि त्यात जेट आहे.

पहिली गोष्ट म्हणजे तिची उंची. छप्पर माझ्या छातीच्याही खाली. नाक निमुळतं, आणि मागे मोठी वळणदार काच, जी आख्खी वर उचलते. तिच्या खाली इंजिन. बाकीचे लोक समोरून फोटो काढत होते. मी बाजूला जाऊन बसले आणि दरवाजाखालच्या पट्टीवर खिडकीचा उजेड तिरपा पडेल अशी नजर लावली. हाताने केलेल्या एफआरपीचा जॉब, म्हणजे साच्यातून निघालेला भाग, असा तिरप्या उजेडातच वाचता येतो. पृष्ठभागावर अगदी बारीक लाट दिसते. काचेच्या तंतूंच्या मॅटचे थर आटताना रेझिन आक्रसतं, त्याची ती खूण. यंत्राने दाबलेल्या पत्र्यात ती कधी येत नाही. त्या लाटेवरून कळतं की इथे माणूस उभा होता, हातात रोलर घेऊन.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आधी डाय बनवायची, म्हणजे साचा. तिला मेण घासून घासून आरसा करायचा, नाहीतर जॉब चिकटून बसतो. मग जेलकोटचा थर, तोच गाडीचा वरचा चेहरा. तो बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही इतपत सुकला की काचेच्या तंतूंची मॅट पसरायची आणि ब्रशने रेझिन ओतायचं. रेझिनमध्ये ते घट्ट होण्यासाठी कोबाल्ट आणि हार्डनर किती टाकायचं ते त्या दिवशीच्या हवेवर. आमच्याकडे मे महिन्यात आणि पावसाळ्यात माप एकच ठेवलं तर काम बिघडलंच म्हणून समजा. मग रोलर मारायचा, आतली हवा आणि जादा रेझिन बाहेर येईपर्यंत. सगळं कसब या शेवटच्या पायरीत आहे. नवीन पोरगा नेहमी रेझिन जास्त ओततो, कारण ओला चकचकीत जॉब भक्कम वाटतो. खरं तर ताकद काचेत असते. रेझिन फक्त तिला जागेवर धरून ठेवतं. रेझिन जास्त झालं की वजन वाढतं आणि जॉब ठिसूळ होतो. जेट सहाशे-साडेसहाशे किलोंच्या घरात राहिली यात डिझाइनइतकाच रोमोराँतँच्या त्या रोलरवाल्यांचा हात होता, हे मी छातीठोकपणे सांगेन.

आकार काढला होता जाक युबेर या इंजिनिअरने. डीबीच्या काळापासून हवेचा अभ्यास करणारा माणूस. सांगाडा म्हणजे पोलादी पत्र्याचा पेटीसारखा मधला कणा, आणि अंग त्याला चिकटवलेलं. बोल्टने आवळलेलं नाही, चिकटवलेलं. बोल्ट मारला की सगळा भार त्या एका भोकाभोवती येतो आणि एफआरपी तिथूनच तडकतं. चिकटवलं की भार आख्ख्या पट्टीवर पसरतो, अंग आणि कणा एकमेकांना ताठ करतात, आणि कणा बारीक ठेवता येतो. यात धोकाही आहे. पोलाद आणि एफआरपी उन्हात सारखं फुगत नाहीत, आणि आतल्या कण्याला गंज लागला तर तो बाहेरून दिसतही नाही. तरी १९६२ मध्ये, आजच्यासारखे चिवट डिंक नसताना, हे करायचं ठरवलं ही मोठीच गोष्ट. १९६६ च्या अखेरीस लोटस युरोपा आली. तिच्यातही पोलादी कणा, त्याला चिकटवलेलं एफआरपीचं अंग, आणि मध्ये रेनॉच्याच, पुढच्या चाकांवर ओढली जाणाऱ्या गाडीचं इंजिन, रेनॉ १६ चं. कोणी कोणाचं पाहिलं या वादात मी शिरत नाही. दोन शहाणी माणसं एकाच उत्तरापाशी पोचू शकतात. पण तारखा समोर आहेत, आणि लोटसवाल्या कॉलिन चॅपमनचं नाव घेताना बोनेंचं नाव घ्यायला हवं.

जेटला चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. साध्या इंजिनावर ती ताशी १६५ किलोमीटरच्या आसपास जायची. रेनॉची इंजिनं शर्यतीसाठी तेज करणाऱ्या गोर्दिनीने तयार केलेलं तेजतर्रार इंजिन घातलं की १९० च्या पुढेमागे. ११०८ सीसीच्या गाडीबद्दल हे चाललंय हे ध्यानात ठेवा.

मग घोडं अडलं कुठे? त्याच १९६२ च्या पॅरिस प्रदर्शनात दिएप गावच्या जाँ रेदेलेंनी आल्पिन ए११० मांडली. तिच्यातही रेनॉ ८ चेच भाग आणि एफआरपीचं अंग. रेदेलेंनी इंजिन होतं तिथेच, अगदी मागे ठेवलं. म्हणजे गिअरबॉक्स, दुरुस्ती, सुटे भाग सगळं रेनॉच्या नेहमीच्या साखळीत बसत होतं. रेदेले स्वतः रेनॉचे डीलर, कंपनीशी घरोबा. आल्पिन वाढत गेली आणि १९७३ मध्ये रॅलीचं जगज्जेतेपद घेऊन आली. बोनेंची मांडणी तंत्राने पुढची होती, पण रेनॉच्या दृष्टीने त्या घरात एक मुलगा आधीच लाडका होता. शिवाय बोनेंनी एकदम पसारा मांडला होता. जेट, मिसाइल आणि ल माँ अशी तीन मॉडेलं, त्यावर फॉर्म्युला ज्युनिअर, फॉर्म्युला टू, ल माँच्या शर्यती. जेटची किंमतही भारी होती. रेनॉचं इंजिन असलेल्या गाडीला एवढे पैसे का द्यायचे, असं गिऱ्हाइकाला वाटलं तर त्याला काय दोष द्यायचा? बोनेंच्या नावाने जेट विकल्या गेल्या त्या दोनशेच्या आसपास.

अंग रोमोराँतँला जिथे बनायचं तो कारखाना मात्रा समूहाचा होता. मात्रा ही क्षेपणास्त्रं बनवणारी कंपनी, तिचे मालक मार्सेल शासान्यी बोनेंच्या ओळखीचे. बोनेंवर देणं साचत गेलं. १९६४ च्या ऑक्टोबरात मात्राने धंदा ताब्यात घेतला. मात्रातल्या तरुण झाँ-लुक लागार्देरने ओळखलं की क्षेपणास्त्रांची जाहिरात करता येत नाही, पण शर्यतीच्या गाडीची करता येते. साठीला आलेले बोने बाजूला झाले. शांपिन्यीची वर्कशॉप संपली, काम सगळं रोमोराँतँला गेलं. गाडी थोडी लांब केली, रूप मात्राच्या फिलिप गेदोंने सुधारलं, आणि ती आधी मात्रा-बोने जेट झाली, मग मात्रा स्पोर्ट्स जेट. नव्या नावाने ती बोनेंच्या काळापेक्षा सात-आठ पटीने जास्त विकली गेली.

१९६५ च्या जूनमध्ये युरी गागारिन पॅरिसच्या विमान प्रदर्शनाला आला. त्याला फ्रान्सकडून भेट मिळाली ती ही गाडी. मॉस्कोत तिच्याशेजारी उभ्या असलेल्या गागारिनचे फोटो आजही पाहायला मिळतात. हाच गागारिन १९६१ च्या डिसेंबरात मुंबईत आला होता आणि त्याला बघायला लोटलेली गर्दी आमच्या आजीच्या पिढीने डोळ्यांत साठवून ठेवली होती. अंतराळात जाऊन आलेल्या पहिल्या माणसाला द्यायला एखाद्या देशाने गाडी निवडावी आणि ती शांपिन्यीच्या गॅरेजात सुचलेली असावी, याचा मला, कोल्हापुरात बसून, आनंद होतो. बोनेंना त्या दिवशी काय वाटलं असेल याचा विचार केल्याशिवाय मात्र तो फोटो बघता येत नाही.

जाँ-पियर बेल्त्वाझबद्दल सांगायलाच हवं. मोटरसायकलच्या शर्यतींतला हा मुलगा, त्याला चार चाकांवर आणलं बोनेंनी. जुलै १९६४ मध्ये रँसच्या बारा तासांच्या शर्यतीत बोनेंचीच गाडी चालवताना त्याला भयंकर अपघात झाला. हात इतका मोडला की तो पुढे कधी पूर्ण वळला नाही. बरोबर एका वर्षाने, त्याच रँसला, त्याच हाताने त्याने मात्राला फॉर्म्युला थ्रीमधला पहिला विजय मिळवून दिला. १९७२ मध्ये तो पावसात मोनॅकोची फॉर्म्युला वन शर्यत जिंकला. मात्रा १९६९ मध्ये जॅकी स्टुअर्टबरोबर जगज्जेती झाली आणि १९७२, ७३, ७४ अशी सलग तीन वर्षं तिने ल माँ जिंकलं, या वेळी निर्देशांक वगैरे नाही, सरळ पहिला नंबर. बोनेंचा शर्यत विभाग विकत घेतला नसता तर क्षेपणास्त्रवाल्यांना हे कुठून सुचलं असतं?

आणि रोमोराँतँमधली एफआरपीची विद्या वाया गेली नाही. फिलिप गेदोंच्या डोक्यातून पुढे एस्पास आली, १९८४ मध्ये. जस्त चढवलेला पोलादी सांगाडा आणि त्यावर कंपोझिटचे पत्रे. आख्खं कुटुंब आणि सामान घेऊन जाणारी ही गाडी रेनॉच्या नावाने युरोपभर विकली गेली आणि जवळजवळ दोन दशकं तिथेच बनली. २००३ मध्ये कारखाना बंद झाला.

आपल्याकडेही रेनॉचं छोटं इंजिन आणि फायबर ग्लासचं अंग असलेली एक दोन आसनी गाडी निघाली होती, सॅन स्टॉर्म. ११४९ सीसी. इंजिन पुढे. तिच्या मागे उभं राहणारं कोणी असतं तर तिचं काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. लहान मालिकेची गाडी एफआरपीत बनवणं आजही परवडतं, कारण पत्रा दाबायच्या डाया कोटींच्या घरात जातात आणि आमची डाय त्या मानाने किरकोळ पैशात होते. पाचशे गाड्यांसाठी हेच बरोबर माध्यम आहे. नोंदणी, चाचण्या, सुटे भाग आणि धीराचा पैसा, अडतं ते तिथे. बोनेंचंही तिथेच अडलं.

आमच्या शिरोलीच्या शेडमध्ये बसचे बंपर आणि डॅशबोर्ड बनतात. नव्या पोरांना मी मिउराऐवजी जेटचा फोटो दाखवते. परवा एकाने विचारलं, "ताई, किती खपल्या म्हणे?" मी म्हटलं, "बोनेंच्या नावानं दोनशेच्या आसपास." त्याने तोंड वाकडं केलं. मग फोटो जवळ घेतला, कण्याच्या कडेशी बोट ठेवलं आणि म्हणाला, "आणि हे चिकटवलं ते नुसत्या रेझिननं? मग फ्लँजची पट्टी किती रुंद ठेवली आसंल?" मी म्हटलं, "तू किती ठेवशील?" तो म्हणाला दोन इंच. मी म्हटलं, कमी पडेल. शेजारचा म्हातारा कारागीर म्हणाला, रुंदीनं काय होत नाही, आधी पोलादाला सँडपेपर मारून खरबरीत करा आणि ॲसिटोननं पुसा, मग बोला. आता तिघं मिळून एक नमुना करतोय: फूटभर लांबीची पोलादी पट्टी, तिच्यावर चार मिलिमीटरचं एफआरपी, एका बाजूला दोन इंचाचा जोड आणि दुसऱ्या बाजूला तीन. सोमवारी तो बाकावर आवळून वजनं टांगायची आहेत.